वृत्तात न बसलेलं नाव

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे आधारस्तंभ, आदरणीय विठ्ठलराव. अंबाजोगाईहून वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या आणि सरांच्याच एके काळच्या विद्यार्थिनी, प्राध्यापिका रोहिणीताई. ज्यांच्या नावाआधी एखादं चांगलं विशेषण लावावं अशी फार इच्छा आहे, पण विशेषण दिसलं की जे लगेच खोडतात, असे आजचे सत्कारमूर्ती गहिनीनाथ सर. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या आणि मगापासून हातातला नारळ कुठं ठेवावा या विचारात असलेल्या कडूबाई काकू. मंडपवाले, माईकवाले, खुर्च्या कमी पडल्या म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर टेकलेले थर्मल वीजकेंद्रातले मित्र, दारात उभे असलेले सरांचे माजी विद्यार्थी. उजव्या हाताला बसलेला महिलावर्ग. आणि त्या महिलावर्गात तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आड बसलेली माझी थोरली बहीण, सत्यशीलाआक्का. आपणा सर्वांना भांड्यांच्या दुकानाच्या शिवशंकरचा नमस्कार. आमच्या लिंगायत मंडळींना शरणु शरणार्थ.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडं बघताहेत. मला थोडक्यात बोला म्हणून सांगितलं होतं आणि मी नावांतच अडकलो. पण मंडळी, हसू नका. परळीत नाव गाळण्याच्या बाबतीत माझ्याइतका बदनाम माणूस सध्या दुसरा नाही. आता मी पानवाल्याचंसुद्धा पूर्ण नाव घेतो, मगच पान खातो.

विद्यार्थ्यांच्या वतीनं बोलायला माझीच निवड कावून झाली? सरांनी शाळेत इतकी वर्षं मुलं शिकवली. त्यातले काही डॉक्टर आहेत, काही वकील आहेत, बोलणारे आहेत. पण सर म्हणाले, रविवारच्या वर्गातलं कुणीतरी बोलू दे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, रविवारचा वर्ग म्हणजे याच वाचनालयाच्या वरच्या खोलीत सर मोठ्या माणसांना कविता लिहायला शिकवायचे तो वर्ग. फी नाही, परीक्षा नाही. पन्नाशी ओलांडलेल्या आणि घरी कुणी ऐकून घेत नाही अशा माणसांची ती शाळा. या उन्हाळ्यापर्यंत आमची संख्या कधी चारच्या वर गेली नव्हती, आणि चौथ्याला बायकोनं पाठवलेलं असायचं.

माझा कवितेशी संबंध काय, असं माझ्या सौभाग्यवतींनी तेव्हा विचारलं होतं, आणि प्रश्न रास्त होता. आमच्या दुकानातून लग्नाचं, वास्तूचं भांडं नेलं की त्यावर आम्ही नाव घालून देतो. 'यांजकडून सप्रेम भेट', 'यांच्या स्मरणार्थ'. ते मशीन माझ्या हाताखालचं. एकदा एका गिऱ्हाइकानं पितळी तांब्यावर कवितेच्या दोन ओळी घालायला सांगितल्या. स्वतःच केल्या होत्या त्यानं. मी अक्षरं घालत गेलो आणि मला वाटलं, दुसरी ओळ लंगडतेय. कावून लंगडतेय ते काही कळंना. त्याच दिवशी सर कुकरची रिंग घ्यायला आले होते. मी तांब्या त्यांच्यापुढं धरला. सरांनी काउंटरवर बोटं वाजवली आणि म्हणाले, "तुमाला लंगडणं ऐकू आलं ना? मग रविवारी या." रिंग तशीच राहिली, घरी काकूंचा स्वयंपाक खोळंबला असणार. काकू, ते राहिलंच होतं, त्याबद्दल आज दिलगिरी.

सर शिकवायचे कसं? मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी चंद्र देतील, दुसऱ्या दिवशी पाऊस. महिनाभर त्यांनी आम्हाला एक ओळ लिहू दिली नाही. नुसत्या टाळ्या वाजवून शब्दांच्या मात्रा मोजायच्या. कढई, उलथनं, परात, पातेलं. जो शब्द रोज हाताखालून जातो त्याचं वजन आधी बघा म्हणायचे. मग मी माझी पहिली कविता आणली. चिमण्यांवर, म्हणजे आपल्या थर्मलच्या. 'हे गगनचुंबी स्तंभांनो' अशी सुरुवात होती. सरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "शिवशंकर, ह्या चिमणीचा तुमच्याशी काय संबंध येतो?" मी म्हणालो, राख येते. कुठं येते? गच्चीवर. गच्चीवर काय असतं? मी म्हणालो, आक्काचे पापड. "मग पापडावर लिहा की." मला ते अपमानाचं वाटलं. गगनचुंबी स्तंभ सोडून पापड! पण लिहिलं. आणि जरा बरं झालं, असं चौघांनीही मान्य केलं. बायकोनं पाठवलेल्या चौथ्यानंसुद्धा.

एकदा मी विचारलं, सर, मात्रा मोजून मोजून बोटं दुखतात, याला काही सोपी युक्ती? सरांचे वडील हरिबा शिरूर कासारकडं मेंढरं राखायचे, हे आपल्यापैकी जुन्यांना ठाऊक आहे. सर म्हणाले, "माझा बाप संध्याकाळी मेंढरं मोजायचा न्हाई. वाड्याच्या तोंडाशी उभं राहून एकेकीचं तोंड बघायचा. जी न्हाई ती लगेच कळायची. मोजणारा फक्त एक कमी हाय म्हणतो. ओळखणारा म्हणतो, बांडी न्हाई." हे सांगून सर पुढच्या शब्दाकडं वळले. मी वहीत उतरवून घेतलं आणि विसरून गेलो. माझं बरंचसं शिक्षण असंच झालं आहे.

मंडळी, आता मी ज्या गोष्टीकडं येतोय ती काही गुपित नाही. मोंढ्यापासून स्टेशनापर्यंत ती सगळ्यांना माहीत आहे. तरीही सरांच्या निरोपाला ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही, कारण त्यात मी सरांचं नाव वापरलं होतं.

या उन्हाळ्यात आमच्या अपेक्षाचं लग्न झालं. अपेक्षा माझ्या धाकट्या भावाची, केदारनाथची मुलगी. ती रांगत होती तेव्हा तिची आई गेली. केदारनाथनं दुसरं लग्न केलं नाही. पोरीला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, तिची वेणी घातली, बारावीला तिच्याबरोबर जागली ती सत्यशीलाआक्का. आक्काचे मालक लग्नानंतर चौथ्या की पाचव्या वर्षी गेले, तेव्हापासून ती आमच्याकडंच. माझ्यावर काही तिचं ओझं नव्हतं, उलट आमच्या दोघा भावांचा संसार तिच्या जिवावर चालायचा. आपल्यापैकी अर्ध्या हॉलनं तिच्या हातची शेंगाचटणी खाल्ली आहे.

आपल्याकडं मंगलाष्टकं घरच्या माणसानं करायची पद्धत आहे. त्यात नावं गुंफायची. आजोबा, आजी, आईवडील, मामा, काका, सगळे यायला पाहिजेत. एखादा मामा राहिला तर तो जेवताना ताटावरून उठतो, हे आपण पाहिलेलं आहे. आणि घरात कवितेच्या वर्गाला जाणारा माणूस असताना बाहेरून मंगलाष्टकं आणायची? मी कंबर कसली. शार्दूलविक्रीडित! एकोणीस अक्षरांची ओळ, त्यात लहानमोठ्या अक्षरांच्या जागा ठरलेल्या. नवशिक्याला वृत्त हाती लागलं की लहान पोराला नवा हातोडा मिळाल्यासारखं होतं. जे दिसेल ते ठोकत सुटतो. पंधरा दिवस मी दुकानात गिऱ्हाइकाला किंमतसुद्धा वृत्तात सांगायचो.

आक्का रोज चहा घेऊन यायची आणि उंबऱ्यावर टेकायची. मी वाचून दाखवायचो. तिला वृत्तातलं काही कळत नव्हतं, पण लंगडलं की ती मान हलवायची. एका कडव्यात लातूरच्या व्याह्यांचं आडनाव बसेना, तर "आडनाव कावून पायजे, गावाचं नाव घाल की" म्हणाली, आणि बसलं. सगळी कडवी तिनं ऐकली. शेवटचं तेवढं मी तिला वाचून दाखवलं नाही. तिनंही विचारलं नाही. तिला वाटलं असणार, त्यात आपलं असेल.

त्यात तिचं नव्हतं.

कावून नव्हतं? बाजारात लोक म्हणतात, शिवशंकरला वृत्त जमलं नाही. तसं असतं तर बरं झालं असतं. मंगल कार्यात विधवेचं नाव घ्यावं का, हा प्रश्न माझ्या मनात आला. कुणी घातला नव्हता मनात. व्याह्यांनी नाही, केदारनाथनं नाही, लग्न लावणाऱ्या आमच्या स्वामींनी तर नाहीच. माझा मीच आणला. लातूरची मोठी माणसं काय म्हणतील, अक्षता पडताना कुणी कुजबुजलं तर काय, असं मी ठरवून टाकलं. आणि अपेक्षाच्या गेलेल्या आईचं नाव मी थाटात घातलं, कारण ती सवाष्ण गेली. म्हणजे जी नाही ती मंगलाष्टकात आली आणि जिनं पोर वाढवली ती नाही आली. मंडळी, मी लिंगायत आहे. आपल्यात विधवेला अशुभ मानत नाहीत, असं बसवजयंतीला याच माईकवरून छाती पुढं काढून बोललेला माणूस मी आहे. तेव्हा तुम्ही टाळ्याही वाजवल्या होत्या.

लग्नात गुलाबी कागदावर छापलेली मंगलाष्टकं अक्षतांबरोबर वाटली. आक्का मागं, कूलरपाशी उभी होती. मी माईकवर होतो. एकेक कडवं झालं, लोकांनी अक्षता टाकल्या, शेवटचं कडवं झालं, वाजंत्री सुरू झाली. मी तिच्याकडं पाहिलं. तिची मूठ अजून मिटलेली होती. ती वाट बघत होती, अजून एक कडवं असेल म्हणून.

पंगती उठल्यावर, भांडी मोजून घ्यायच्या वेळी तिनं मला विचारलं. रागानं नाही, अगदी साधं. "शंकऱ्या, माझं नाव कावून न्हाई रे त्यात?" आणि माझ्या तोंडातून इतक्या सहज आलं की मलाच नवल वाटलं. मी म्हणालो, "आक्का, तुझं नाव वृत्तात बसंना. सरांनी बी लई खटपट केली." ती म्हणाली, "अस्सं. मग तुझा काय दोष." आणि परत भांडी मोजायला लागली.

मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. हे सांगताना आज लाज वाटते, पण तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात मंडईत तिला सर भेटले. आक्का त्यांना सहज म्हणाली, "सर, माझं नाव लई अवघड हाय म्हणं. तुमाला बी तरास झाला." बिचाऱ्या सरांना काय ठाऊक? त्यांनी ती मंगलाष्टकं छापून आल्यावरच पाहिली होती. कुणी एखादा शब्द अवघड आहे म्हणालं की सरांच्या अंगात येतं, हे आपल्याला माहीत आहे. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली, बोटं मोजली आणि कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी उभं राहून चालीवर म्हणून दाखवलं:

आईचे सगळे करून पुढती ही सत्यशीला उभी

"बसतं की!" म्हणाले. "जागा जणू राखून ठेवलीय. कोण म्हणलं बसत न्हाई?"

सर, तुमचा त्यात काहीच दोष नव्हता. तुम्ही एका बाईला तिचं नाव किती सुरेख आहे एवढंच सांगितलं. कोथिंबीरवाली म्हणे टाळ्या वाजवत होती. आक्का मात्र तिथूनच घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेलगावला गेली. तिथं तिचं सासर आहे, दीर सोमेश्वरांची उसाची शेती आहे, तिच्या वाट्याची एक खोली आहे. इतक्या वर्षांत ती तिथं सणापुरती जायची. आता तिथंच राहते.

अपेक्षाचा लातूरहून फोन आला. तिच्या सासूबाईंनी विचारलं होतं, तुला वाढवलेली ती आत्या कोणती, मंगलाष्टकात नाव ऐकू आलं नाही. म्हणजे ज्या लोकांच्या भीतीनं मी नाव गाळलं, ते लोक ते नाव शोधत होते. अपेक्षा म्हणाली, "काका, तुमी माझ्या आईला माझ्या लग्नाच्या बाहेर ठेवलं." आणि तिनं फोन ठेवला.

मी तेलगावला गेलतो. पेढे घेऊन गेलतो, हेही आता हसण्यासारखं वाटतं. आक्का दारात आली, गूळपाणी दिलं, आणि आत जावेला हाक मारून म्हणाली, "अगं, पाव्हण्यांला च्या टाक." मी तिच्या पाठचा भाऊ. तिच्या कडेवर वाढलेला. चहा पिऊन मी पाहुण्यासारखाच परत आलो.

आता यात सरांच्या रविवारच्या वर्गाचा काय संबंध, असं आपल्याला वाटेल. संबंध असा, की त्यानंतरच्या रविवारी मी वर्गात गेलो, तर खिडकीपाशी आक्का बसलेली. तेलगावहून सकाळच्या एसटीनं आलेली. सरांनी विचारलं, आक्का, तुमी? ती म्हणाली, "मला बी शिकायचंय सर. पुन्हा कुणी बसत न्हाई म्हणलं तर मला मोजता आलं पायजे."

मी चपला पायात घालून परत निघालो होतो. सरांनी दारातच अडवलं. त्यांच्या नावावर मी खोटं बोललो हे त्यांना एव्हाना कळलेलं होतं. मला वाटलं आता झाडणार. ते एवढंच म्हणाले, "बसा. आज उपमा-बिपमा नकोत, साधी चार वाक्यं लिहा." सर, त्या दिवशी तुम्ही मला झाडायला हवं होतं. चौघांसमोर, आक्कासमोर. मी अजून त्याची वाट बघतोय आणि आज तर तुम्ही निघालात.

तेव्हापासून आम्ही बहीणभाऊ दर रविवारी एका खोलीत बसतो आणि आक्का माझ्याशी बोलत नाही. तिला काही सांगायचं असलं की ती सरांना सांगते. "सर, त्यांला म्हणावं पंखा बारीक करा." "सर, त्यांला म्हणावं पाय हालवू नका, बाक हालतो." मी तिच्यापासून दोन हातांवर बसलेलो. सर आधी चक्रावले, मग सवय झाली. तिकडून निरोप आला की माझ्याकडं वळून गंभीरपणानं सांगायचे, "शिवशंकर, पंखा." रोहिणीताई, तुम्ही हसताय, पण मला त्याचीही गोडी लागली होती. पंखा मी मुद्दाम मोठा करायला लागलो.

आक्काच्या कविता फार थोर आहेत, असं मी म्हणणार नाही. ती भाऊ आणि पाऊ असली यमकं जुळवते आणि सरांनी खोडलं की भांडते. पण एकदा तिनं एसटीवर चार ओळी केल्या. कंडक्टर म्हणतो, मावशे, पुढं सरका. आणि ती म्हणते, बाबा, पुढं कुणी सरकू दिलं असतं तर मागं कशाला उभी राहिले असते? सर म्हणाले, आक्का, यात वृत्त नाही. आक्का म्हणाली, नसू दे. मी खाली मान घालून बसलो होतो. सरांनी ती कविता खोडली नाही, पुढच्या माणसाकडं वळले.

मला या सहा महिन्यांत एवढंच कळलं आहे की कविता शिकणाऱ्या माणसाला लपायला फार जागा मिळतात. बसलं नाही म्हणता येतं, यमक आडवं आलं म्हणता येतं. भांड्यावर एखादं नाव राहिलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडं आपटायला येतं. कवितेत तसं कुणी येत नाही. मी दुकानदार माणूस, मला हा फरक आधी समजायला हवा होता.

सर, दिवाळी झाली. तुमच्या शिरूरकडची माणसं बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून ऊसतोडीला कारखान्यांकडं निघाली आहेत, गावं रिकामी होताहेत, आणि तुम्ही उलट्या दिशेनं गावाला निघालात. काकू म्हणत होत्या, तिथं आता कुणाशी बोलणार हे? मला त्याची काळजी नाही, सर कुणी नसलं तर बोराटीच्या झुडपांना शब्द शिकवतील. मला माझी काळजी आहे. आपण सगळे आज सरांना निरोप द्यायला जमलो आहोत. मी मात्र दोघांना निरोप देतोय. वर्ग संपला की आक्काला परळीला यायचं कारण उरत नाही. आठवड्यातून एकदा ती मला एका खोलीत दिसायची, माझ्यावर रागावलेली का असेना, ते आता बंद होणार. हे मला सरांच्या निवृत्तीचं पत्र आलं तेव्हापासून खातंय.

म्हणून अध्यक्षमहाराज, आपल्या परवानगीनं मी एक गोष्ट विषय सोडून विचारतो. मला दुसरी जागा नाही. तेलगावला दार उघडेल की नाही ठाऊक नाही, इथं निदान ती उठून जाऊ शकणार नाही, दारात गर्दी आहे. आक्का, पुढच्या रविवारपासून मी तेलगावला आलो तर चालेल का?

आक्का उभी राहिली आहे. तिच्याकडं माईक न्या कुणीतरी. नको म्हणतेय. काय म्हणालीस? मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. ती म्हणाली, "सर, त्यांला सांगा..."

सर उठले आहेत. सर, तुम्ही बसा ना. मंडळी, शांत राहा, सर माईकशिवायच बोलताहेत. सर म्हणताहेत, "आक्का, मी आजपासून रिटायर झालो. शाळेतून बी आन् ह्या कामातून बी. तुमचं तुमी सांगा."

हसू नका हो, तिचं ऐकू येत नाही. कडूबाई काकू, तुम्ही तरी हसू नका.

आक्का म्हणतेय, "कविता आननार असशील तर येऊ नको."

आक्का, एक आहे खिशात. तुझ्या नावाची. नवं कडवं केलंय. मी ते आज इथं, सगळ्यांसमोर वाचणार होतो.

ती म्हणतेय... सांगतो, जे म्हणाली ते सांगतो. ती म्हणाली, "ठिव तशीच. इतक्या लोकांत गाळलंस, आता इतक्याच लोकांत घालाय निघालास व्हय? मी काय भांडं हाय?"

नाही आक्का. मग काय आणू?

"काई नको. नुसता ये."

आता ती बसली. खांबाच्या आड बसली, मला तिचा चेहरा दिसत नाही. तिनं मला माफ केलं असा कुणी अर्थ काढू नये, मी तर काढणारच नाही. जायचं म्हटलं तरी माझे हात आत्ताच रिकामे वाटायला लागलेत. तिथं गेल्यावर काय बोलायचं, मला काहीच येत नाही.

असो. अध्यक्षमहाराज, आपण घड्याळाकडं बघणं मघाशीच सोडलंत, त्याबद्दल आभार. रोहिणीताई, आपण आलात, आभार. काकू, सर, आपल्याला परळीनं काही कमीजास्त केलं असेल तर ते इथंच सोडून जा. चहाची व्यवस्था मागं आहे. माझी जीभ आज पुष्कळ वाकडीतिकडी वळली, प्रसंगाला न शोभणारं बोललो, ते पोटात घाला.

आणि भाषण संपवताना, अनवधानानं कुणाचा नामोल्लेख राहून गेला असल्यास क्षमा असावी, असं म्हणायची आपल्याकडं रीत आहे. किती समारंभांत मी ते म्हणालो असेन. आज मला ते म्हणता येत नाही. ज्याचं नाव राहिलं असेल त्यानं मी खाली उतरल्यावर मला गाठावं आणि कावून राहिलं ते विचारावं. जे खरं असेल ते मी सांगेन.